अंगावरचे दूध आणि पाठचे मूल

मूल अंगावर पीत असेतोवर आईला पुन्हा दिवस राहत नाहीत, ही समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आणि तिच्यावर भिस्त ठेवून राहिलेल्या अनेक बाळंतिणींना मांडीवरचे मूल नीट उभे राहण्याच्या आतच पाठच्या मुलाची चाहूल लागते, हेही तितकेच नेहमीचे आहे. या दुसऱ्या अनुभवामुळे पुष्कळ सुशिक्षित घरांत, आणि कित्येक दवाखान्यांतही, ‘त्यात काही तथ्य नाही’ असे सांगून ही समजूत मोडीत काढली जाते. वस्तुतः स्तनपानामुळे पुढची गर्भधारणा लांबते हे शरीरशास्त्राने पक्के केलेले सत्य आहे. मात्र ते काही अटींनी बांधलेले आहे, आणि त्या अटी दूध येते की नाही याच्याशी नव्हे, तर बाळ दिवसारात्रीतून किती वेळा आणि किती भुकेने ओढते याच्याशी निगडित आहेत. समजूत तोंडोतोंडी पुढे सरकताना या अटी गळून गेल्या आणि उरले ते निव्वळ आश्वासन, ही खरी अडचण आहे.

गर्भधारणा होण्यासाठी स्त्रीच्या अंडाशयातून पक्व स्त्रीबीज बाहेर पडावे लागते, या क्रियेला अंडमोचन म्हणतात. अंडाशय हे काम आपल्या मर्जीने करीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक किंवा हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने, पाळीच्या पूर्वार्धात साधारणतः तासा-दीड तासाने, जीएनआरएच नावाच्या संप्रेरकाचा, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणाऱ्या रसायनाचा, एकेक झोत सोडतो. त्या झोतांच्या लयीवर त्याच्याखाली लोंबणारी पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही आणखी दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांपैकी पहिल्यामुळे अंडाशयातील पुटके, म्हणजे स्त्रीबीज धारण करणाऱ्या द्रवाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, वाढीला लागतात, आणि दुसऱ्याचा एक मोठा लोट आला की पक्व झालेले पुटक फुटून स्त्रीबीज मोकळे होते. या साऱ्या साखळीत लय फार महत्त्वाची आहे. झोत विरळ झाले किंवा त्यांची लय विस्कटली, तर संप्रेरके तयार करण्याची क्षमता शाबूत असूनही अंडमोचन होत नाही.

बाळ स्तन तोंडात धरून ओढू लागले की स्तनाग्र आणि त्याभोवतीच्या गडद वर्तुळातील मज्जातंतूंची टोके चेतवली जातात, आणि ही चेतना बरगड्यांमधून जाणाऱ्या मज्जातंतूंवाटे पाठीच्या कण्यात व तेथून वर अधश्चेतकापर्यंत पोहोचते. तेथे तिचे तीन परिणाम होतात. दूध तयार करण्याचा हुकूम देणारे प्रोलॅक्टिन वाढते; दूध नलिकांतून पुढे ढकलणारे ऑक्सिटोसिन सुटते, ज्यामुळे आईला पान्हा फुटल्याची जाणीव होते; आणि तिसरा, या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा परिणाम म्हणजे जीएनआरएचच्या झोतांची लय मोडते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, या झोतांना चालना देणारे किसपेप्टिन हे द्रव्य बनवणाऱ्या चेतापेशी दूध पाजण्याच्या काळात मंदावतात. प्रोलॅक्टिन वाढल्यामुळेच पाळी थांबते असे पूर्वी मानले जाई आणि आजही अनेक पुस्तकांत तेवढेच लिहिलेले असते, पण प्रोलॅक्टिनची पातळी हा मुख्यतः ओढण्याच्या जोराचा दर्शक आहे. अंडाशयावरचा खरा लगाम मेंदूतील त्या मोडलेल्या लयीत आहे.

हा लगाम एका झटक्यात सुटत नाही. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच एफएसएच पूर्वपदावर येते, त्यामुळे पुटके अधूनमधून वाढूही लागतात, पण एलएचच्या झोतांचा आधार पुरेसा न मिळाल्याने ती अर्ध्यावर खुंटतात. बाळाचे पिणे जसजसे कमी होत जाते तसतशी झोतांची लय सावरत जाते, पुटके अधिक मोठी होतात, आणि मग एखाद्या महिन्यात अंडमोचन होते. सुरुवातीच्या अशा अंडमोचनानंतर तयार होणारे पीतपिंड, म्हणजे फुटलेल्या पुटकाच्या जागी तयार होणारी आणि गर्भाशयाचे अस्तर टिकवणारी ग्रंथी, बहुधा दुबळे असते, त्यामुळे बीज फळले तरी ते रुजेलच असे नाही. त्यापुढच्या चक्रांत मात्र सर्व काही पूर्ववत होते. म्हणजे पूर्ण बंद, अर्धवट जाग, दुर्बळ अंडमोचन आणि पूर्ण जननक्षमता अशा पायऱ्यांनी हा प्रवास होतो, आणि त्यातील कोणतीही पायरी आईला बाहेरून दिसत नाही. काही स्त्रिया पहिल्या पायरीवर वर्षभर राहतात, तर काही चौथ्या महिन्यातच शेवटच्या पायरीवर येऊन पोहोचतात.

बहुतेक घोटाळे याच ठिकाणी होतात. पाळी ही अंडमोचनाच्या मागून येणारी गोष्ट आहे, पुढून येणारी नव्हे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ते फळले नाही, तरच साधारणतः दोन आठवड्यांनी गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्तस्राव होतो. बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्या स्त्रीच्या शरीरात पहिले स्त्रीबीज कोणतीही वर्दी न देता बाहेर पडते. त्या दिवसांत संबंध आला आणि गर्भ राहिला तर जी पाळी तिला सावध करणार होती ती येतच नाही, आणि न येणारी पाळी तर तिला गेले कित्येक महिने सवयीचीच झालेली असते. बाळ सात महिन्यांचे असताना राहिलेला गर्भ बाळ अकरा महिन्यांचे झाल्यावर पोट दिसू लागते तेव्हा लक्षात येतो, तो अशा रीतीने. दोन बाळंतपणांच्या मध्ये एकदाही पाळी न आलेल्या स्त्रिया असतात, त्यात अद्‌भुत असे काही नाही.

याचीच दुसरी बाजू अशी की, पहिल्या काही महिन्यांत पाळी आली तर त्याआधी अंडमोचन झालेलेच असते असे नाही. बाळंतपणानंतर पहिल्या सहा महिन्यांत, मूल पूर्णपणे अंगावर असताना, जो पहिला रक्तस्राव होतो तो पुष्कळदा अंडमोचनाशिवायच होतो, म्हणजे त्या काळात पाळी ही खरोखरच आधी येणारी सूचना ठरते. जसजसा काळ लोटतो तसतसे हे प्रमाण उलटत जाते, आणि वर्षाच्या उत्तरार्धात पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडण्याची शक्यता वाढते. स्तनपानाच्या भरवशाला सहा महिन्यांची मर्यादा का घातली जाते, याचे निम्मे उत्तर या उलटापालटीत आहे; उरलेले निम्मे बाळाच्या ताटात आहे, आणि ते पुढे येईल.

स्तनपान आणि वंध्यकाळ यांचा संबंध माणसाच्या ध्यानात फार पूर्वी आला होता. ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना सहसा पाळी येत नाही आणि गर्भही राहत नाही, असे नोंदवून ठेवले आहे. ज्या समाजांत श्रीमंत घरांतील मुले दाईच्या दुधावर वाढत, त्या समाजांत त्या घरांतील स्त्रियांची बाळंतपणे वर्षाआड होत. मात्र सर्वत्र स्तनपान सारखेच चालू असूनही दोन मुलांमधले अंतर प्रदेशागणिक इतके निराळे का, हे कोडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुटले नव्हते.

ते सुटण्यात आफ्रिकेतील कालाहारीच्या वाळवंटी प्रदेशात राहणाऱ्या, शिकार आणि कंदमुळे यांवर जगणाऱ्या कुंग सान लोकांच्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. या स्त्रिया कोणतेही गर्भनिरोधक वापरीत नव्हत्या, तरी त्यांच्या दोन मुलांत सरासरीने जवळपास चार वर्षांचे अंतर असे. मेल्व्हिन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत या माता मुलाला पाजतात कशा हे घड्याळ लावून मोजले होते. मूल दिवसभर आईच्या कमरेशी झोळीत असे, त्याला हवे तेव्हा ते स्तन तोंडात घेई, एका तासात अनेक वेळा आणि दर खेपेस जेमतेम दोन मिनिटे पिई. रात्री ते आईच्या कुशीत झोपे आणि झोपेतही पीत राही, आणि हे सारे दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीतही चालू होते. एका वेळी पोटभर पाजून तीन-चार तास मूल बाजूला ठेवण्याच्या पद्धतीत दुधाचे एकूण माप कदाचित तेवढेच भरेल, पण अधश्चेतकाला पोहोचणारे इशारे मात्र विरळ होतात, आणि लय मोडून ठेवण्यासाठी इशारे वारंवार येणे आवश्यक असते. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे पीटर हॉवी आणि अॅलन मॅकनीली यांनी त्याच सुमारास स्तनपान करणाऱ्या मातांच्या संप्रेरकांची आठवड्यामागून आठवडे तपासणी केली, तेव्हा त्यांना आढळले की बाळाला वरचे अन्न सुरू झाले की पाजण्याच्या खेपा घटतात आणि त्यापाठोपाठ अंडाशय जागा होऊ लागतो.

या सर्व निरीक्षणांना व्यवहारात वापरता येईल असा आकार १९८८ साली मिळाला. इटलीतील बेलाजिओ या गावी त्या वर्षी ऑगस्टमध्ये निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एकमताने असे जाहीर केले की, तीन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तर स्तनपान करणाऱ्या स्त्रीला गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसावी, बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असावे, आणि त्याचे वय सहा महिन्यांच्या आत असावे, अशा त्या अटी आहेत. तीनही एकाच वेळी खऱ्या असल्या पाहिजेत. एकही तुटली की संरक्षण संपले असे समजून त्याच दिवसापासून दुसरा उपाय हाती धरायचा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नवी दिल्लीसह जगातील सात ठिकाणी चार हजारांहून अधिक माता-बालकांची पाहणी केली, तिच्यातही पाळी आलेली नसताना पूर्ण स्तनपान करणाऱ्या मातांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत शंभरात साधारणतः एकीलाच गर्भ राहिल्याचे दिसले. कुटुंबनियोजनाच्या भाषेत या पद्धतीला ‘लॅम’ म्हणतात. भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमातही तिला अधिकृत स्थान आहे, पण बाळंतिणीला दवाखान्यातून घरी पाठवताना या पद्धतीच्या तीनही अटी नीट समजावून सांगितल्या गेल्या, असे क्वचितच घडते.

या अटी वरकरणी सोप्या वाटतात, तरी प्रत्येकीत बारकावे आहेत. पाळी कशाला म्हणायचे, हा त्यांतील पहिला. बाळंतपणानंतरचा स्राव कित्येक आठवडे रेंगाळतो आणि मध्येच थांबून पुन्हा दिसतो, म्हणून पूर्ण स्तनपान करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत पहिल्या ५६ दिवसांतील रक्तस्राव पाळी म्हणून धरला जात नाही. त्यानंतर सलग दोन दिवस रक्त दिसले, मग ते कितीही थोडे असो, की पाळी परत आली असे मानले जाते. ‘नुसता डाग लागला, पाळी नाही’ असे म्हणून पुढे ढकलण्याची सवय येथे महागात पडते.

पूर्ण स्तनपान म्हणजे काय, याचा खुलासा त्याहून अधिक करावा लागतो. बाळाला भूक लागेल तेव्हा, दिवसा आणि रात्रीही, अंगावर घेतले पाहिजे, आणि दोन पाजण्यांमधले अंतर दिवसा चार तासांहून व रात्री सहा तासांहून अधिक होऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत बाळाला गुटी दिली जाते. सहाणेवर वेखंड, हळकुंड, बदाम, खारीक, जायफळ, मुरुडशेंग यांचे मोजके वेढे आईच्या दुधात उगाळून ते चाटण बोटाने किंवा बोंडल्याने बाळाच्या तोंडात घातले जाते. बालरोगतज्ज्ञ पहिल्या सहा महिन्यांत गुटीलाही नकार देतात, आणि त्यामागे जंतुसंसर्गाचे सबळ कारण आहे. पण गर्भधारणेपुरते पाहिले तर चमचाभर चाटणाने पाजण्याची एकही खेप कमी होत नाही, म्हणून ‘जवळजवळ पूर्ण’ या शब्दांत त्याला जागा आहे. दुपारी सासूने मायेने दिलेली वाटीभर गाईच्या दुधाची बाटली मात्र निराळी. तिने बाळाचे पोट भरते, ते तीन-साडेतीन तास झोपते, उठल्यावर थोडेसेच ओढते, आणि आईच्या मेंदूला पोहोचणारे दोन-तीन इशारे त्या एका बाटलीत बुडतात. रात्रीच्या बाबतीतही हेच घडते. तीन-चार महिन्यांचे बाळ सलग झोपू लागले की साऱ्या घराला हायसे वाटते, बाळंतिणीलाही प्रथमच डोळाभर झोप मिळते आणि ती तिला मिळायलाच हवी. पण रात्रीचा हा खंड सातव्या-आठव्या तासावर गेला की दुसरी अट शिथिल झाली, हे तिला कुणीतरी सांगितलेले असावे.

कामावर परतणाऱ्या आईचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण ती दूध पिळून ठेवते, बाळ दिवसभर आईचेच दूध पिते आणि ‘फक्त आईचे दूध’ ही अट शब्दशः पाळली जाते. तरीही हाताने किंवा यंत्राने दूध काढताना मिळणारी चेतना बाळाच्या ओढण्याच्या तोडीची नसते. चिली देशात नोकरी करणाऱ्या आणि दूध काढून ठेवणाऱ्या मातांची पाहणी झाली, तेव्हा सहा महिन्यांत गर्भ राहण्याचे प्रमाण शंभरात सुमारे पाच इतके, म्हणजे घरी राहून थेट पाजणाऱ्या मातांच्या दुपटीहून अधिक, आढळले. भारतात कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ती नेमकी या सहा महिन्यांच्या मुदतीशी जुळते, ही समाधानाची गोष्ट असली तरी हा कायदा संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रियांपुरताच खऱ्या अर्थाने पोहोचतो. दुसऱ्यांच्या शेतावर खुरपणीला जाणारी, धुणीभांडी करणारी किंवा बांधकामावर घमेली उचलणारी आई दीड-दोन महिन्यांतच तान्ह्याला आजीजवळ ठेवून बाहेर पडते आणि दिवसाचे सहा-सात तास त्याच्यापासून दूर राहते. लॅमचा लाभ तिला अर्धवटच मिळतो, आणि पोषणही सर्वांत तोकडे तिचेच असते. अशा आईला ‘अंगावर पाजतेस ना, मग काळजी नको’ असे सांगणे म्हणजे तिची दिशाभूल करणे होय.

सहाव्या महिन्याच्या आसपास बाळाचे उष्टावण होते. मामाने किंवा आजोबांनी सोन्याच्या अंगठीने खीर चाटवण्याच्या त्या दिवशी फरक काहीच पडत नाही. तो पडतो पुढच्या महिन्याभरात, जेव्हा नाचणीचे सत्त्व, मऊ भात आणि वरणाचे पाणी दिवसातून दोनदा, मग तीनदा जाऊ लागते. बाळाच्या वाढीसाठी हे अत्यावश्यकच आहे, कारण सहा महिन्यांनंतर केवळ दुधावर त्याची, विशेषतः लोहाची, गरज भागत नाही. पण ताटात अन्न आले की ओढण्याचा जोर ओसरतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे याच सुमारास अंडमोचन पाळीच्या पुढे जाऊ लागते. दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात, म्हणून सहावा महिना ही पद्धतीची शेवटची हद्द. यानंतरही पुष्कळ काळ पाळी येत नाही आणि गर्भही राहत नाही अशा स्त्रिया असतात, परंतु तो त्यांच्या शरीराचा स्वभाव झाला. त्यावर दुसऱ्या स्त्रीने हवाला ठेवता येत नाही, आणि पहिल्या बाळंतपणाचा अनुभव दुसऱ्यात तसाच येतो असेही नाही.

मागच्या पिढ्यांत दोन मुलांमध्ये अंतर पडत असे त्याचे सगळे श्रेय दुधाला देताना एक गोष्ट नजरेआड होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, सव्वा महिन्याची विश्रांती, त्यानंतरही तीन-चार महिन्यांनी बाळंतीण सासरी परतणे, आणि परतल्यावरही मोठ्या कुटुंबात आजेसासूच्या शेजारी मूल घेऊन झोपणे, यांमुळे पतिपत्नींचा सहवासच कित्येक महिने घडत नसे. दूध आणि दुरावा दोन्ही एकाच काळात होते. आज बाळंतीण अनेकदा आपल्याच घरी असते, मदतीला आई महिनाभर येऊन परत जाते, दवाखान्यात शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीनंतर पहिले काही दिवस बाळाला बाटलीने दूध दिले जाते आणि ती बाटली मग पुढेही सुटत नाही. परिस्थिती पालटली, समजूत मात्र जुन्याच परिस्थितीतली राहिली. बाळ मुळीच अंगावर नसेल तर बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही अंडमोचन झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून अशा स्त्रीने तीन आठवड्यांनंतर स्वतःला असुरक्षित समजावे, असे वैद्यकशास्त्र सांगते.

मूल अंगावर असताना दिवस राहिले तर ओळखायचे कसे, याचे उत्तर पाळीकडून मिळत नसल्यामुळे इतर खुणांकडे लक्ष ठेवावे लागते. स्तनाग्रे एकाएकी हुळहुळी होऊन पाजणे नकोसे वाटणे, विनाकारण थकवा, मळमळ, दूध अचानक कमी झाल्यासारखे वाटणे आणि बाळाने ओढता ओढता चिडून तोंड सोडणे, या त्या खुणा होत. लघवीची साधी तपासणी अशा वेळीही तितकीच विश्वासार्ह असते, कारण ती ज्या संप्रेरकाचा शोध घेते ते गर्भाच्या वारेशी संबंधित आहे आणि दुधाशी त्याचा काही संबंध नाही. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे मात्र शेवटच्या पाळीच्या तारखेवरून मोजता येत नाही, कारण तशी तारीखच नसते. नोंदणीच्या कार्डावर तो रकाना अंदाजाने भरण्यापेक्षा पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करून घेणे शहाणपणाचे. हा गर्भ नको असेल तर कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीत निर्णय घेण्यासाठीही लवकर निदान होणे गरजेचे ठरते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो.

गर्भारशीचे दूध बाळाला बाधते, म्हणून ते त्याच दिवशी तोडावे, असा आग्रह घरोघर धरला जातो. ही कल्पना फार जुनी आहे. माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात गर्भवती मातेचे दूध पिणाऱ्या मुलाला होणाऱ्या पारिगर्भिक नावाच्या विकाराचे वर्णन आहे, त्यात खोकला, मंदावलेली भूक, उलट्या, सुस्ती, कृशता आणि पोट मोठे दिसणे अशी लक्षणे दिली आहेत. निरीक्षण अचूक होते, यात संशय नाही. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामध्ये, पाठचे मूल येताच अंगावरून तुटलेल्या आणि मक्याच्या पेजेवर ठेवलेल्या मुलांत जो सूज आणणारा कुपोषणाचा आजार नोंदवला, तो जगाला क्वाशिओरकर या नावाने ठाऊक आहे. मुलाला घातक ठरते ते दूध नासणे नव्हे, तर दूध आटणे आणि त्याच्या जागी सकस अन्न न मिळणे. गर्भारपणातील वाढत्या प्रोजेस्टेरॉनमुळे दुधाचे प्रमाण घटत जाते, आणि पुढे त्याला चिकाचे रूप येते. त्यात विष असे काही नसते. आईची प्रकृती चांगली असेल, पूर्वी अकाली प्रसूती झालेली नसेल, रक्तस्राव किंवा जुळी नसतील, तर पाजणे चालू ठेवायला सर्वसाधारणपणे हरकत नसते. बाळ वर्षाच्या आतले असेल, तर त्याच्या वजनावर बारीक लक्ष ठेवून वरचा आहार वाढवावा लागतो, आणि सहा महिन्यांच्या आतले असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसऱ्या दुधाची सोय करण्यात एक दिवसही दवडू नये.

आईच्या बाजूने पाहिले तर प्रश्न रक्ताचा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. एका बाळंतपणात गेलेले लोह भरून येण्याआधीच दुसरा गर्भ राहिला, तर तिच्या अंगात शिल्लकच उरत नाही, आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ मधील तज्ज्ञसभेने एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेचा प्रयत्न करण्यापूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी शिफारस केली. लॅम त्यातील सहा महिने सांभाळते. उरलेल्या अठरांसाठी दुसरा उपाय हवा, आणि तो दुधाला धक्का न लावणारा असावा.

असे उपाय भरपूर आहेत. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते आणि तिचा दुधाशी काहीच संबंध येत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली सेंटक्रोमॅन ही संप्रेरकविरहित गोळी सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ या नावाने मिळते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, असा तिचा क्रम आहे. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ हे इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालते. निरोध केव्हाही चालतो, आणि कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुष नसबंदी हा बाळंतिणीच्या शरीरावर कोणताही भार न टाकणारा मार्ग आहे, याकडे महाराष्ट्रातही अजून पाठच फिरवली जाते. टाळायची ती ‘माला-एन’सारखी, इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी; पहिल्या सहा आठवड्यांत ती मुळीच घेऊ नये, आणि मूल अंगावर असेतोवर सहा महिन्यांपर्यंत सहसा दिली जात नाही, कारण तिने दूध कमी होण्याची भीती असते.

सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकानुसार बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत लस दिली जाते, आणि त्यानंतरची भेट थेट नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लशीसाठी पडते. लॅमची मुदत संपते ती या मधल्या मोकळ्या काळात, जेव्हा आई आरोग्य केंद्राची पायरी चढतच नाही. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींत सहाव्या महिन्याची भेट ठरवून दिलेली आहे, आणि ती मुख्यतः बाळाचे वजन व वरचा आहार पाहण्यासाठी असते. त्याच भेटीत पाळी आली का, रात्री बाळ किती वेळा पिते आणि पुढचा उपाय ठरला आहे का, एवढे तीन प्रश्न बाळंतिणीला विचारले जावेत. उत्तर काहीही आले तरी पुढचा उपाय त्याच आठवड्यात तिच्या हाती पडायला हवा, आणि चौदाव्या आठवड्याच्या लशीच्या वेळीच तिला त्याची कल्पना दिलेली असावी, म्हणजे घरात त्यावर बोलणे होऊन निर्णय घ्यायला तिला आणि तिच्या नवऱ्याला दोन-अडीच महिने मिळतील.